सल्ल्याचा जामीन कोण?

गेल्या काही वर्षांत जुम्याच्या नमाजनंतर इमामाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप बदलले आहे. तलाक, वारसा, जकात हे विषय आहेतच; पण त्यांच्या जोडीला दोन नवे प्रश्न वारंवार येऊ लागले आहेत. तरुण विचारतात, व्यायामशाळेत मिळणारी प्रोटीन पावडर हलाल आहे काय? आईबाप विचारतात, बाळाला द्यावयाची लस हलाल आहे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारले जातात ही समाधानाची बाब आहे. ज्या समाजाला आपल्या पोटात काय जाते याची काळजी वाटते, त्या समाजात अजून ईशभय जिवंत आहे.

परंतु या दोन प्रश्नांच्या मागे एक तिसरा प्रश्न उभा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. पावडरच्या डब्यावर जो दावा छापलेला असतो, लसीविरुद्ध मोबाइलवर जो संदेश फिरत असतो, तो दावा हलाल आहे काय? पदार्थाची शुद्धाशुद्धता आपण बारकाईने पाहतो. त्या पदार्थाविषयी बोलल्या जाणाऱ्या वाक्याची पाहत नाही. ‘अमुक खा, ताकद येईल’, ‘तमुक टोचून घेऊ नका, मूल होणार नाही’, अशी वाक्ये आपण ऐकतो, त्यांवर विश्वास ठेवतो आणि भल्या हेतूने पुढे पाठवतो. बातमी खरी निघाली तर पुण्य, खोटी निघाली तर आपले काय गेले, अशी आपली समजूत असते. हेतू चांगला असला की न पडताळलेला सल्ला देण्याचा दोष माफ होतो काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सुनन अबू दाऊदमधील एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, काही सहाबी प्रवासात असताना त्यांच्यातील एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला स्नान अनिवार्य झाले. डोक्यावर उघडी जखम आहे, तर स्नानाऐवजी तयम्मुम करण्याची सवलत मला आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो दगावला. ही वार्ता पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत त्या सल्लागारांना मृत्यूचे कारण ठरविले, माहीत नव्हते तर विचारायला हवे होते, कारण अज्ञानाच्या आजारावर विचारणे हेच औषध आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

या प्रसंगात दुष्ट कोणीही नाही. सल्ला देणारे सहाबी होते. त्यांचा हेतू निर्मळ होता. किंबहुना धर्माचे पालन काटेकोर व्हावे याच कळकळीतून ते बोलले. त्यांचा दोष एवढाच की, जे त्यांना ठाऊक नव्हते ते त्यांनी ठाऊक असल्यासारखे सांगितले. पैगंबरांनी (स.) त्यांच्या हेतूची चौकशी केली नाही, त्यांनी विचारले नाही, यावर बोट ठेवले. कर्मे हेतूवर अवलंबून असतात ही हदीस आपल्याला तोंडपाठ असते. परंतु चांगला हेतू चांगल्या कर्माला मोल देतो. चुकीच्या सल्ल्याला तो अचूक करीत नाही.

दुसरी हदीस याहून स्पष्ट आहे. वैद्यकाचे ज्ञान असल्याचे ज्याच्याविषयी ज्ञात नाही, अशा माणसाने कोणावर उपचार केले तर तो ‘ज़ामिन’ आहे, म्हणजे होणाऱ्या हानीची भरपाई त्याच्यावर आहे. हा अरबी शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला आहे. न्यायालयात आरोपीसाठी जो उभा राहतो तो जामीन. सावकाराकडे दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेतो तो जामीन. जामीन राहण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो, कारण उद्या वसुली आपल्या दारी येईल हे त्याला कळते. आरोग्याचा सल्ला देताना मात्र आपण जामीनपत्रावर सही करीत आहोत, याचे भान आपल्याला उरत नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) यांची भूमिका या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. शहाण्या, सज्ञान, स्वतंत्र माणसाच्या व्यवहारावर, तो उधळ्या असला तरी, निर्बंध घालू नयेत असे त्यांचे मत होते. माणसाच्या स्वातंत्र्याची त्यांना एवढी कदर होती. पण तिघांचा त्यांनी अपवाद केला: बेफिकीर मुफ्ती, अज्ञानी वैद्य आणि भाडे घेऊनही जनावर पुरवू न शकणारा दिवाळखोर वाहतूकदार. उधळ्या माणूस स्वतःचे नुकसान करतो. हे तिघे लोकांचे करतात. पहिला त्यांचा धर्म बिघडवितो, दुसरा शरीर आणि तिसरा मालमत्ता. या यादीत वैद्याच्याही आधी मुफ्तीचे नाव येते, हे आम्ही मिंबरवर उभे राहणाऱ्यांनी विसरू नये.

कोणी म्हणेल, संदेश पुढे पाठविणारा काही उपचार करीत नाही. मग तो जामीन कसा? फिकहचे शास्त्र येथे खरोखरच भेद करते. प्रत्यक्ष कृती करणारा आणि केवळ निमित्त ठरणारा यांत भरपाईची जबाबदारी सामान्यतः पहिल्यावर पडते. काजीच्या न्यायालयात संदेश पाठविणारा कदाचित सुटेल. पण काजीला दिसते तेवढीच आपली जबाबदारी, असे मानणे हा ईशभयाचा मार्ग नव्हे. कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये अशी ताकीद आहे, आणि कान, डोळे व हृदय या प्रत्येकाची विचारणा होणार आहे असे सांगितले आहे. ऐकीव गोष्ट स्वीकारण्याचाही हिशेब द्यावा लागेल, असा याचा अर्थ होतो.

आता हा निकष आपल्या स्वयंपाकघरापासून लावून पाहू.

प्रथिने शरीराला आवश्यक आहेत, याविषयी वाद नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी निरोगी प्रौढासाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत. साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम पुरतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत वीसहून अधिक ग्रॅम प्रथिने असतात. विदर्भाच्या घरात तूर, हरभरा, जवस, दूध, अंडी आणि अधूनमधून मांस हे सारे शिजते. उणीव असलीच तर ती गरिबाच्या ताटात आहे, जिथे भात किंवा पोळी पोटभर आणि डाळ पातळ असते. जाहिरात मात्र त्या ताटाकडे पाहत नाही. जो आधीच जेवलेला आहे त्याला ती सांगते की तू उपाशी आहेस. बिस्किटापासून दह्यापर्यंत प्रत्येक वेष्टनावर आता प्रोटीन हा शब्द ठळक झाला आहे. मे २०२४ मध्ये याच दोन संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे असा सल्ला दिला आहे.

कोराडी-महादुल्यातील कंत्राटी कामगाराचा मुलगा पगारातील किंवा बापाच्या घामातील मोठी रक्कम एका डब्यावर घालतो आणि तो डबा हलाल आहे काय एवढेच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर देता येते. ही पावडर बहुधा चीज बनविताना उरणाऱ्या दुधाच्या निवळीपासून तयार होते. दूध फाडण्यासाठी कधी वासराच्या जठरातील द्रव्य वापरले जाते, कधी सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले. विधिवत जबह न केलेल्या जनावराच्या अशा द्रव्याला इमाम अबू हनीफा (रह.) शुद्ध मानतात, शाफई पंथाचे, म्हणजे आपल्या कोकणातील बांधवांच्या पंथाचे, मत वेगळे आहे. येथवर हलाल-हरामचा विचार झाला. पण २०२४ मध्येच भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांच्या तपासणीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० टक्के उत्पादनांच्या वेष्टनावरील प्रथिनांचा आकडा आतील मालाशी जुळला नाही. काहींत तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने निघाली. काही नमुन्यांत बुरशीजन्य विषद्रव्यही आढळले.

मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी (स.) हात घातला, तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या राशीच्या आत ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. ते धान्य हलालच होते. गहू वा जव भिजल्याने हराम होत नाही. हराम होते ते वरच्या कोरड्या थराने केलेले खोटे विधान. प्रोटीनच्या डब्यातील निवळी कितीही शुद्ध असो, वेष्टनावरचा आकडा खोटा असेल तर तो व्यवहार त्या ओल्या राशीचाच आहे. आणि दलालीसाठी तो डबा शिष्याच्या हाती देणारा व्यायामशिक्षक, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यालाही मात्रा सांगत असेल, तर तो न कळत वैद्य झाला आहे, म्हणून जामीनही.

हा निकष आपल्या दुकानांनाही लावला पाहिजे, नाहीतर तो न्याय ठरणार नाही. ‘तिब्बे नबवी’च्या नावाने आज कलौंजीचे तेल, सिरका, अजवा खजूर आणि हिजामा यांचा मोठा बाजार उभा आहे. कलौंजीत मृत्यूखेरीज सर्व रोगांवर उपाय आहे, या आशयाची हदीस सहीह आहे, आणि तिच्याविषयी आदर हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. पण त्या हदीसचा अर्थ लावताना खत्ताबींसारख्या भाष्यकारांनी, हे विधान व्यापक शब्दांत असले तरी त्याचा रोख विशिष्ट प्रकृतीच्या विकारांकडे आहे, असे म्हटले आहे. इब्ने खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’त लिहिले की, पैगंबर (स.) शरीअत शिकविण्यासाठी पाठविले गेले, वैद्यक शिकविण्यासाठी नव्हे. शाह वलीउल्लाह देहलवी यांनी ‘हुज्जतुल्लाहिल बालिगा’त प्रेषितत्वाचा संदेश म्हणून आलेल्या हदीसी आणि अनुभव-रिवाजातून आलेल्या हदीसी यांत भेद करून वैद्यकीय हदीसी दुसऱ्या वर्गात घातल्या. मदीनेच्या खजुरांच्या कृत्रिम परागीकरणाचा प्रसंग सर्वश्रुत आहे: उत्पन्न घटले तेव्हा पैगंबरांनीच (स.) लोकांना सांगितले की, तुमच्या ऐहिक व्यवहारातील गोष्टी तुम्ही अधिक जाणता.

ज्या उम्मतकडे एवढी सावध विद्वत्परंपरा आहे, तिच्यातील एखादा विक्रेता मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन बंद करून कलौंजीचे तेल घ्यायला सांगतो आणि वर हदीस लावतो, तेव्हा तो दुहेरी जामीन होतो. रोग्याचे शरीर बिघडले तर त्याचा, आणि रोग्याच्या मनातील हदीसवरचा विश्वास डळमळला तर त्याचाही. पैगंबरांच्या (स.) नावाने हमी देणे ही सर्वांत जड हमी आहे.

लसीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे नफ्याइतकीच भीती काम करते. लस हे मुस्लिमांची संख्या घटविण्याचे परकीय कारस्थान आहे, ही अफवा किमान एका पिढीपासून फिरते आहे. इतिहास काय सांगतो? देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या त्वचेत सूक्ष्म प्रमाणात घालण्याची पद्धत इंग्लंडमधील उच्चवर्गीयांनी उस्मानी तुर्कस्तानात पाहिली. तेथील ब्रिटिश राजदूताच्या पत्नी लेडी मेरी माँटेग्यू यांनी १७१७ मध्ये तिचे वर्णन लिहून पाठविले. एडवर्ड जेन्नरची गोस्तन देवीची लस १७९६ मधील. ती भारतात आली तेव्हा व्हिएन्नाहून इस्तंबूल, बगदाद आणि बसरा या मार्गाने आली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आपल्या किनाऱ्याला लागलेली ही गोष्ट आपल्या शत्रूंनी आपल्यासाठी रचलेली आहे, असे म्हणायला इतिहासाचा आधार नाही.

तरीही अविश्वासाला कारणेच नाहीत, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०११ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने पाकिस्तानातील अबोटाबाद येथे एका माणसाचा माग काढण्यासाठी काविळीच्या लसीकरणाची बनावट मोहीम चालविली. लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असे अमेरिकी सरकारला २०१४ मध्ये जाहीर करावे लागले. तोवर तेथील पोलिओ कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या आणि पाकिस्तान आजही पोलिओमुक्त नाही. आपल्या विदर्भात ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे निर्जंतुक द्रव पाजले गेले. अल्लाहच्या कृपेने मुले बचावली आणि संबंधितांवर कारवाई झाली. आमच्या कोराडीला वीज केंद्राच्या राखेचा अनुभव आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बंधारा फुटून राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारात पसरले. काही धोका नाही असे आश्वासन ऐकत आलेल्या माणसाने पुढच्या आश्वासनाकडे संशयाने पाहिले, तर त्याला अडाणी म्हणता येत नाही.

मात्र संशय ही प्रश्नाची सुरुवात आहे, उत्तर नव्हे. सूरह हुजुरातची आज्ञा (४९:६) अशी की, अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मागाहून पस्तावाल. ही आज्ञा दोन्ही बाजूंना लागू आहे. सरकारी पत्रक डोळे मिटून खरे मानू नये, हे जितके खरे, तितकेच त्याविरुद्धचा निनावी संदेश डोळे मिटून खरा मानू नये, हेही खरे. जो एका बाजूला पुरावा मागतो आणि दुसऱ्या बाजूला मागत नाही, तो शहानिशा करीत नाही. तो आपल्या आवडीचा साक्षीदार निवडतो.

शहानिशा कशी होते याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या दिवसांत सरकारी सक्तीने लोकांची मने एवढी कडवट झाली होती की, त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांची हत्या झाली. अशा वातावरणात तरुण आगाखान तिसरे यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. पण चौकशीचा पाठपुरावा होत राहिला. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव आहे.

मुल्कोवालचे एकोणीस मृत्यू खरे होते. त्यांवरून सर्व लसी विष आहेत असे म्हणणे जितके चूक ठरले असते, तितकेच ते मृत्यू दडपणेही चूक ठरले असते. प्रत्येक लसीचे काही दुष्परिणाम असतात; बहुतेक किरकोळ, क्वचित गंभीर. ते नोंदवणे आणि लोकांना सांगणे हे सांगणाऱ्याच्या जामिनकीचा भाग आहे. ‘काहीच होत नाही’ असे म्हणणारा डॉक्टर किंवा इमामही धान्याचा ओला थर झाकतो.

लसीतील घटकांविषयी आपल्या उलमांनी विचार केलेलाच नाही, असे नाही. काही लसी टिकाऊ राहाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन वापरतात आणि ते डुकरापासून मिळविलेले असू शकते. एखादी अशुद्ध वस्तू पूर्णपणे वेगळ्या पदार्थात रूपांतरित झाली तर तिचा हुकूम बदलतो, हे तत्त्व हनफी फिकहमध्ये मान्य आहे. मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेल्या गाढवाचे उदाहरण मदरशाचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. जिलेटिन हे असे पूर्ण रूपांतर आहे की नाही, यावर मतभेद आहेत. २०१८ मध्ये हा प्रश्न इंडोनेशियात आला. तेथील गोवर-रुबेलाची लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली होती. तेथील उलमा परिषदेने, निर्मितीत डुकरापासूनचा घटक वापरला जातो हे उघड सांगितले, वैद्यकीय तज्ज्ञांकडून रोगाचा धोका समजून घेतला आणि हलाल पर्याय नसल्याने व गरज निकडीची असल्याने ती वापरण्यास परवानगी दिली. काही लपविले नाही, काही वाढवून सांगितले नाही. पण फतव्याचा पूर्वार्ध लोकांत वेगाने पसरला आणि उत्तरार्ध मागे पडला. आचेहसारख्या प्रांतात लसीकरण अगदीच अल्प झाले. अर्धे वाक्य पुढे पाठविणाराही जामीन असतो, हे यावरून कळते.

तवक्कुलचा आधार घेऊन काही जण म्हणतात की, मृत्यूची वेळ ठरलेली आहे, मग टोचून घ्यायचे कशाला? हजरत उमर (रजि.) शामच्या सीमेवर सरग येथे पोहोचले तेव्हा पुढे प्लेग असल्याचे कळले. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशचे वडीलधारे यांचा क्रमाने सल्ला घेतला आणि परतण्याचा निर्णय केला. अल्लाहने ठरविलेल्यापासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि प्लेगच्या भूमीत जाऊ नये, आत असल्यास पळून बाहेर पडू नये, ही हदीस त्यांनी सांगितली. खलीफा आधी विचारतो, मग ठरवितो. तवक्कुल न विचारण्याचे कारण झाले नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. प्रौढ माणूस पावडर घेतो तेव्हा धोका स्वतःपुरता असतो. लसीचा निर्णय आपण घेतो तो लेकराविषयी, ज्याला बोलता येत नाही. लेकरू आपली मालमत्ता नव्हे, अमानत आहे. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडी-देवनार भागात, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली. मुले मृत्युमुखी पडली. बाधितांत लस न घेतलेल्यांची संख्या मोठी होती. त्यामागे केवळ अफवा नव्हत्या. दाट वस्ती, कुपोषण, कोरोनाच्या काळात चुकलेले डोस, कामासाठी होणारी स्थलांतरे ही कारणेही होती. पण जिथे पालकांनी भीतीने नकार दिला, तिथे त्या भीतीला कोणीतरी शब्द पुरविले होते. ते शब्द पुरविणारे आज कुठे आहेत? कोणी दफनाला खांदा द्यायला आले, तेव्हा आपण जामीन आहोत हे त्यांना तरी जाणवले असेल काय?

गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीच्या बाळाचे संरक्षण बव्हंशी शेजाऱ्यांच्या मुलांनी लस घेतलेली असण्यावर अवलंबून असते, कारण गोवर हवेतून पसरतो आणि फार वेगाने पसरतो. म्हणजे माझ्या घरातील नकार माझ्या घरात थांबत नाही. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हे पैगंबरी तत्त्व येथे थेट लागू होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही, असा निर्णय दिला. त्याच निर्णयात सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. सक्ती नसावी, हे योग्यच आहे. प्लेगच्या काळातील सक्तीने काय झाले ते आपण पाहिले. पण जिथे कायदा हात मागे घेतो तिथे विवेकाची जबाबदारी वाढते. सक्तीने दिलेल्या लसीचा जाब सरकारकडे मागता येईल. स्वेच्छेने नाकारलेल्या लसीचा जाब आपल्याकडेच मागितला जाईल.

मग सामान्य कुटुंबाने करावे काय? प्रत्येकाने वैद्यकाचे ग्रंथ वाचावेत, अशी अपेक्षा इस्लाम करीत नाही. माहीत नसेल तर जाणकारांना विचारा, ही कुरआनची शिकवण आहे, आणि जाणकार विषयागणिक वेगळा असतो. घटक हलाल आहे काय, हे आलिमला विचारावे. त्याचा शरीरावर परिणाम काय, हे ज्याला त्या विद्येची पदवी आणि अनुभव आहे त्याला विचारावे. आलिमने वैद्यकाचे आणि डॉक्टरने हलाल-हरामचे उत्तर देऊ नये. ‘मला माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही, इमाम मालिक (रह.) यांना दूरवरून आलेल्या माणसाने अनेक प्रश्न विचारले असता बहुतेकांना त्यांनी हेच उत्तर दिले, आणि त्यामुळे त्यांची थोरवी उणावली नाही. संदेश हाती आला तर सांगणारा कोण, त्याला कसे कळले, हे पाहावे. हदीसशास्त्राने आपल्याला सनद विचारायला शिकविले. बाराशे वर्षांपूर्वी आपल्या मुहद्दिसांनी एका वाक्यासाठी वाळवंटे तुडविली. आपण एका बोटाच्या स्पर्शाने सनदेविना वाक्य शंभर घरांत पाठवितो. जे पडताळता येत नाही ते आपल्यापाशी थांबवावे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतच आली आहे.

१३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. उत्तर प्रदेशातील ज्या वस्त्यांत दारे बंद होत होती, तेथे मशिदींतून आवाहने झाली, मदरशांचे शिक्षक कार्यकर्त्यांबरोबर दारोदार गेले. त्यांनीही शब्दच दिला होता आणि त्या शब्दाला तेही जामीन होते. फरक एवढाच की, त्यांनी आधी विचारले आणि मग सांगितले. चालत्या पायांनी शाळेत जाणारी मुले हे त्यांच्या हमीचे फळ आहे.

अल्लाहने आपल्याला जीभ दिली, हाती यंत्रे दिली आणि लोकांचा विश्वासही दिला. उद्या हिशेबाच्या दिवशी आपल्या एखाद्या वाक्याचा हात धरून कोणी अनोळखी लेकरू आपल्यापुढे उभे राहिले, तर ते साक्षीदार म्हणून आपल्या बाजूने उभे राहो, फिर्यादी म्हणून नव्हे. अल्लाह आपल्याला बोलण्यापूर्वी विचारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.